मोठ्या मनाचं भाषांतर

दिपमाला देवरे एका शब्दावर तीन वर्षं अडून बसली होती.

धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात ती तत्त्वज्ञान शिकवायची. विभाग म्हणजे ती एकटी, एक लोखंडी कपाट आणि जिन्याखालची खोली. दुसऱ्या विषयाचं वेळापत्रक जुळलं नाही म्हणून इकडे आलेली मुलं-मुलीच तिच्या वाट्याला यायची. पण दिवाळीपर्यंत त्यांतली चार-पाच जणं तरी अशी निघायची, की तास संपला तरी दप्तर उचलायचं विसरून वाद घालत बसायची. त्या चार-पाचांवर तिची वीस वर्षं मजेत गेली होती.

तिचं संशोधन मात्र कॉलेजात कुणाला धड सांगता येण्यासारखं नव्हतं. जुन्या ग्रीकांचा नीतिविचार, हा तिचा विषय. माणसानं काय करावं यापेक्षा माणूस कसा असावा, हा त्या ग्रीकांचा मूळ प्रश्न. धैर्य, संयम, न्याय, औदार्य असे सद्गुण त्यांनी एकेक करून उलटूनपालटून तपासले आणि प्रत्येक गुणाच्या दोन अंगांना दोन दोष दाखवले. धैर्याच्या एका अंगाला भित्रेपणा, दुसऱ्या अंगाला आंधळं धाडस. दिपमाला त्यांचा यावरचा मूळ ग्रंथ थेट ग्रीकवरून मराठीत आणत होती आणि सोबत स्वतःचं विवेचन लिहीत होती. इतर सगळ्या गुणांना मराठीत शब्द सापडले. एकाला सापडेना.

मेगालोप्सुखिया हा तो शब्द. फोड केली तर सरळ अर्थ होतो, मोठं मन. आणि घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. मराठीत मोठं मन म्हणजे सोडून देणं, पोटात घालणं, आपल्या हक्काचं दुसऱ्याच्या ताटात वाढून हसत उठणं. ग्रीकांचं तसं नव्हतं. त्यांच्या लेखी मोठ्या मनाचा माणूस म्हणजे जो मोठ्या मानाला पात्र आहे, आणि आपण पात्र आहोत हे ज्याला नीट ठाऊक आहे, असा माणूस. पात्र नसताना मिरवतो तो पोकळ. इथवर कुणीही मान डोलावेल. पण पात्र असून मागे सरतो, नको नको म्हणतो, तोही ग्रीकांच्या मते चुकतोच. कारण स्वतःला कमी लेखणारा माणूस नुसता मान नाकारत नाही. हे आपलं काम नव्हे म्हणत तो चांगल्या कामांपासूनही लांब राहतो.

आपल्याकडे अशाच माणसाला विनयशील म्हणून शाल देतात, असं दिपमालाच्या मनात आलं, आणि तिथून पुढं हा विषय तिला सुटला नाही.

मोठं मन कर, हे वाक्य तिनं जन्मभर ऐकलं होतं. लग्नाच्या वेळी ऐकलं. कॉलेजात सोयीचे तास दुसऱ्याला देताना ऐकलं. बाहेरगावच्या परिषदेला जायची पाळी तिची असताना दुसऱ्याच कुणाचं तरी नाव गेलं, तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा पीत ऐकलं. आणि न बोलता का होईना, भंगाळे सरांकडूनही ऐकलं होतं.

डॉ. योगेंद्र भंगाळे हे तिचे मार्गदर्शक. मोठ्या शहरातल्या विद्यापीठात त्यांनी तीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन ते जळगावला आपल्या घरी येऊन राहिले. शिंदखेड्याकडच्या खेड्यातून आलेल्या, इंग्रजी चाचपडत बोलणाऱ्या दिपमालाला त्यांनी पीएचडीला घेतलं, तेव्हा इतर प्राध्यापक हसले होते. सरांनी दोन वर्षं दर शनिवारी तिला समोर बसवून ग्रीक मुळाक्षरांपासून शिकवलं. तिचा उच्चार चुकला की ते टेबलावर बोट आपटायचे, रागवायचे नाहीत. हे ऋण ती कधी विसरली नाही. पुढं तिनं तीन शोधनिबंध लिहिले आणि तिन्हींवर पहिलं नाव सरांचं गेलं. तसा रिवाजच होता. सरांनी मागितलं नाही, तिनं विचारलं नाही, आणि त्या निबंधांचं कौतुक झालं तेव्हा सरांच्या शेजारी उभी राहून तिनं टाळ्या वाजवल्या.

तिच्या अडलेल्या शब्दाची गाठ सुटली ती मात्र पुस्तकात नव्हे, शिंदखेड्याच्या पशुप्रदर्शनात.

तिचे वडील अभिमन देवरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, हे शेतकरी तर होतेच, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख बैलांचा पारखी म्हणून होती. बाजारात त्यांना एरंडोलपर्यंतची माणसं शोधत यायची. आबा बैलाचे दात सगळ्यात शेवटी बघायचे. आधी लांबून त्याला उभं राहिलेलं बघायचे. मग नांगरलेल्या मातीत चार पावलं चालवायचे, कारण कठीण जमिनीवर कुठलाही बैल ऐटीत चालतो. मग खांद्यावर, जिथं जू बसतं तिथं, तळहात ठेवून गप्प उभे राहायचे. एवढं झालं की एक वाक्य बोलायचे, आणि त्या वाक्यावर बैल विकला जायचा किंवा घरी परत जायचा.

त्या वर्षी प्रदर्शनाचा कारभार रुपचंद नावाच्या एका पुढाऱ्याकडे होता. दिपमाला सुट्टीला माहेरी आली होती, म्हणून आबांसोबत गेली. मंडपात पोचल्यावर कळलं, की मुख्य परीक्षक म्हणून रुपचंदनं आपल्या पाहुण्यांचं नाव फलकावर लिहिलंय. पाहुण्यांना बैलातलं फारसं कळत नव्हतं, हे रुपचंदनंच हळू आवाजात कबूल केलं. आबांनी फक्त त्यांच्या बाजूला बसायचं, कुठला बैल चांगला ते कानात सांगायचं, नारळ-टोपी घ्यायची, असं ठरलं होतं. शेवटी तो म्हणाला, आबा, तुमचं मन मोठं शे, तुम्ही काही मनावर घेणार नाही.

दिपमालाला वाटलं, आबा चिडतील किंवा मान हलवून बसतील. आबांनी दोन्ही केलं नाही. एखाद्या बैलाबद्दल सांगावं तशा आवाजात ते म्हणाले,

"पारख मनी शे, रुपचंद. निवाडा मी करसू आनि नाव दुसरानं लागी, असं जमत नही."

पारख माझी तर नावही माझंच, हे ऐकून रुपचंदनं पाहुण्यांचा मान, वेळेची अडचण, सगळं सांगून बघितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं, बरं म्हणाले आणि मंडपाबाहेर लिंबाखाली जाऊन बसले. ते रुसले नव्हते, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. अर्ध्या तासानं बैलांचे मालकच रुपचंदभोवती जमले, की आबा नसतील तर आम्ही जनावरं घेऊन निघतो. मग फलकावरचं नाव पुसलं गेलं. आबा आले, दुपारभर उन्हात फिरून त्यांनी निवाडा दिला, आणि पहिला नंबर दिला तो नेमका रुपचंदच्या भाऊबंदाच्या बैलाला, कारण बैल खरोखर चांगला होता.

परतताना दिपमालानं त्यांना विचारलं, की आबा, लोक म्हणतील याला भारी गर्व आहे, असं नाही का वाटलं तुम्हाला?

आबा चालता चालता थांबले. त्यांना प्रश्नच नीट कळला नसावा. मग म्हणाले, "मले बैल समजस. समजत नही असं सांगू ते खोटं व्हई. मले लिखता येत नही, ते भी मी सांगस."

दिपमालाला एकदम एरंडोलच्या पुना पाटलांचा बैल आठवला. ती कॉलेजात शिकत असतानाची गोष्ट. आबांनी पारखून दिलेला तो बैल महिन्याभरात पुढच्या पायानं लंगडायला लागला होता. पुना पाटील काहीच बोलले नव्हते; कुणाकडून तरी आबांच्या कानावर आलं. पुढच्याच बाजारी आबा एरंडोलला गेले, चारचौघांत म्हणाले की बैल निवडाले मी चुकनू, आणि त्याच्या खुरात आपल्याला काय दिसायला हवं होतं ते बोट लावून सगळ्यांना दाखवलं. त्यानंतर त्यांच्याकडे येणारी माणसं कमी झाली नाहीत, वाढली.

म्हणजे हा माणूस स्वतःलाही बैलासारखाच पारखतो. जेवढं आहे तेवढंच सांगतो, वर नाही, खाली नाही. ग्रीकांचा हा सद्गुण उंचीबद्दल नसून खरेपणाबद्दल आहे, हे ती पुराव्यानिशी मांडायला धडपडत होती, आणि ते सगळं शिंदखेड्याच्या रस्त्यावर तिच्यापुढं धोतर सावरत चाललं होतं. मराठीत पायरी ओळखून राहा म्हणतात, पण ती पायरी नेहमी खालचीच असते. आपण वरच्या पायरीवर उभे आहोत हे ओळख, असं कुणी कुणाला सांगत नाही.

त्या आठवड्यात तिनं शब्द पक्का केला. मोलजाण. आपलं मोल असावं आणि ते आपल्याला अचूक ठाऊक असावं. त्याच्या एका अंगाचा दोष म्हणजे फुगारी. दुसऱ्या अंगाचा दोष म्हणजे मन आखडतं घेणं. हात आखडता घेतात तसं. शब्द वहीत लिहून झाल्यावर ती उठून ओट्यावरची भांडी लावायला लागली. नवरा प्रेमराज, जो देवपुरातल्याच शाळेत गणित शिकवायचा, त्यानं विचारलं की काय झालं, भांडी एवढी का वाजताहेत? तिनं सांगितल्यावर त्यानं तो शब्द दोनदा स्वतःशीच म्हणून बघितला आणि चांगला आहे म्हणाला. प्रेमराज उगाच चांगलं म्हणणाऱ्यांतला नव्हता.

पुढच्या दीड वर्षात पुस्तक पूर्ण झालं. चारशे वीस पानं. भाषांतर, टिपा आणि शेवटची सहा प्रकरणं तिच्या स्वतःच्या मांडणीची. तिनं हस्तलिखित सरांना वाचायला पाठवलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज खुशीत होता. त्यांच्या ओळखीचा एक मोठा प्रकाशक पुस्तक छापायला तयार झाला होता. मुखपृष्ठावर लेखक म्हणून डॉ. योगेंद्र भंगाळे आणि खाली जरा लहान अक्षरांत, सहकार्य, दिपमाला देवरे, असं ठरलं होतं. लोक नाव बघून पुस्तक उचलतात, सर म्हणाले. तुझ्या नावानं हे कपाटात पडून राहील, माझ्या नावानं विद्यापीठांत जाईल.

दिपमालानं फोन आवरता घेतला. येऊन बोलते म्हणाली.

ते चार दिवस तिला जड गेले. सरांचं म्हणणं निव्वळ चुकीचंही नव्हतं. त्यांचं नाव मोठं होतंच. त्यात त्यांची दृष्टी अलीकडं अधू झाली होती, पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्यांचं स्वतःचं मोठं पुस्तक, ज्याची टिपणं त्यांनी पंचवीस वर्षं जमवली, ते कधी पुरं झालंच नाही. हे सगळं तिला माहीत होतं. स्टाफरूममध्ये एकदोघांना तिनं आडून विचारलं, तर सगळ्यांचा सल्ला एकच, की गुरूच आहेत, काय बिघडतं. प्रेमराज म्हणाला, निर्णय तुझा. पण काय करशील ते पुढं दहा वर्षांनी तुला आठवणार आहे, एवढं लक्षात घे.

रविवारी तिनं आबांना फोन लावला. का लावला, तिलाही नीट सांगता आलं नसतं. तिनं सगळी हकीगत सांगितली. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं,

"लिखं कोनी?"

"मी."

"बठ्ठं?"

"बठ्ठं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत."

"मंग इचारस कसाले?"

एवढं बोलून ते हरभऱ्याबद्दल बोलायला लागले.

बुधवारी ती एसटीनं जळगावला गेली. पारोळा, एरंडोल मागे पडेपर्यंत तिनं मनातल्या मनात आठ प्रकारे सुरुवात करून बघितली आणि आठही टाकून दिल्या. सरांनी स्वतः दार उघडलं, स्वतः पाणी आणून दिलं. हस्तलिखित टेबलावर होतं. त्यांनी भिंग घेऊन ते पानन्‌पान वाचलं होतं. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. ते बघून तिचा धीर क्षणभर सुटला. मग तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"सर, ग्रीक मी तुमच्याकडून शिकले. तिसऱ्या प्रकरणाच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो तुम्ही मला एका शनिवारी विचारला होता. तो तुमचा आहे आणि तुमच्या नावानं छापला जाईल. बाकीचं पुस्तक माझं आहे. त्यावर माझंच नाव लागेल."

सरांनी भिंग उचलून बाजूला ठेवलं. मग त्यांनी समजावून बघितलं. मराठीतल्या वाचकांचा तुटवडा, विद्यापीठांचं राजकारण, प्रकाशकाला दिलेला शब्द. त्यात शेवटी आवाज खाली करून ते म्हणाले, माझ्या नावावर एक पुस्तक राहिलं असतं, दिपमाला. आणि मग ते वाक्य आलंच.

"तुझं मन मोठं आहे म्हणून तुझ्याकडं मागतोय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती हलली नाही. ती म्हणाली की सर, तुमची टिपणं मला द्या. मी ती लावून, टंकून, तुमच्या एकट्याच्या नावानं पुस्तक तयार करून देते. माझं नाव त्यात कुठंही नको, कारण त्यातलं काही माझं नसेल. तसं खरंच करायची तिची तयारी होती. सरांना ते भीक घातल्यासारखं वाटलं असावं. ते उठले, हस्तलिखिताची गठडी बांधली आणि तिच्या हातात दिली. जाताना जपून जा, एवढंच म्हणाले.

मोठ्या प्रकाशकानं आठवड्याच्या आत कळवलं, की सरांचं नाव नसेल तर या पुस्तकात त्यांना रस नाही. दिपमालानं ते पत्र फाइलला लावलं. सात महिने तिनं दारोदार विचारलं. शेवटी धुळ्यातच, कौतिक बोरसे म्हणून एक छापखानेवाला निघाला, जो शाळांच्या डायऱ्या, लग्नपत्रिका आणि वर्षाकाठी एखादा कवितासंग्रह छापायचा. त्यानं हस्तलिखित ठेवून घेतलं. दहा दिवसांनी कॉलेजच्या जिन्याखाली येऊन म्हणाला, मॅडम, शेवटची सहा प्रकरणं मी दोनदा वाचली. मला कळली, म्हणजे इतरांनाही कळतील. छापतो.

या सगळ्या काळात सरांचा फोन नव्हता. तिनं दोनदा केला. त्यांनी उचलला नाही.

पुस्तक छापून येण्याच्या महिनाभर आधी जळगावच्या एका कॉलेजात सद्गुणविचारावर दोन दिवसांचं चर्चासत्र भरलं. दिपमालाला दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची वेळ मिळाली. सभागृहातले निम्मे लोक पेंगतात ती वेळ. आबा म्हणाले मी येस. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी बदलली आणि मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले. दिपमाला व्यासपीठावर गेली तेव्हा तिला दिसलं, की पहिल्या रांगेत भंगाळे सर आहेत.

तिनं कागद सरळ केले. मोठं मन या शब्दानं मराठीत किती जणांना, आणि विशेषतः किती जणींना, चांगल्या कामांपासून लांब ठेवलं, इथून तिनं सुरुवात केली. सभागृहातल्या बायका ताठ बसल्या. मग ग्रीक वाक्यं, त्यांचे रूढ अर्थ, त्यांतल्या अडचणी, आणि मग मोलजाण. वडिलांचं नाव न घेता तिनं एका बैलपारख्याची गोष्ट सांगितली. फलकावरचं नाव पुसलं गेलं तो भाग आला तेव्हा लोक हसले, आणि लंगड्या बैलाचा भाग आला तेव्हा पुढं झुकून ऐकायला लागले. तिनं मागे पाहिलं नाही. आबा छताच्या पंख्याकडं बघत होते, असं तिला नंतर कुणीतरी सांगितलं.

प्रश्नांच्या वेळी सर उठले. माइक नको म्हणाले.

"देवरे मॅडम," ते म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी तिला अशी हाक कधी मारली नव्हती. "आपली मांडणी मी लक्षपूर्वक ऐकली. पण मूळ ग्रंथात स्पष्ट आहे, की जो लहान गोष्टींना पात्र आहे आणि स्वतःला तेवढाच समजतो, तो समंजस म्हणायचा. मोठ्या मनाचा नव्हे. मोठेपणाला आकार लागतो. मग आपला बैलपारखी इथं कसा बसतो? आपण ग्रीक वाचता आहात, की ग्रीकांच्या तोंडी शिंदखेडा घालता आहात?"

सभागृह जागं झालं. प्रश्न तिखट होता, आणि प्रामाणिक होता. या विषयात विचारण्यासारखा हाच प्रश्न होता. तो महाराष्ट्रात दोन माणसांना विचारता आला असता, त्यांतली दुसरी व्यासपीठावर उभी होती. दिपमालाच्या पाठीचा कणा आपोआप सरळ झाला. सर तिची परीक्षा घेत नव्हते. ते तिच्याशी भांडत होते, बरोबरीच्या माणसाशी भांडावं तसं.

"दोन उत्तरं देते, सर," ती म्हणाली. "पहिलं ग्रंथातूनच. तिथं असंही म्हटलंय, की प्रत्येक सद्गुणातला मोठेपणा या माणसाकडं असतो. म्हणजे मोठेपणा कामाच्या आकाराचाच असेल असं नाही. ते काम तो किती पुरतेपणानं करतो, त्याचाही असू शकतो. भर बाजारात कुणासाठीही आपला शब्द न फिरवणं, हे लहान नाही. आता दुसरं उत्तर. एवढ्यानं आपला आक्षेप पूर्ण मिटत नाही, हे मला मान्य आहे. तो ग्रंथ लिहिणाऱ्यासमोर बैलपारखी उभा केला असता, तर त्यानं कदाचित नाकारला असता. तिथं मी त्याच्यापासून वेगळी होते. मी चूक वाचलेलं नाही. मी असहमत आहे. आणि कुठं असहमत आहे, ते पुस्तकात पानावर लिहिलंय."

सर उभेच होते. "असहमत," त्यांनी शब्द परत म्हटला. मग म्हणाले, "मग मला आपल्याशी असहमत व्हावं लागेल. सविस्तर." आणि खाली बसले.

टाळ्या वाजल्या, पण दिपमालाचं लक्ष तिकडं नव्हतं. शनिवारी टेबलावर बोट आपटणाऱ्या माणसानं तिच्याविरुद्ध सविस्तर लिहायचं ठरवलं होतं. तिला आयुष्यात इतकं भरून कधी आलं नव्हतं.

चहाच्या वेळी सर तिच्याजवळ आले नाहीत. ते आबांजवळ जाऊन उभे राहिले. दोघं काय बोलले ते कळलं नाही. लांबून दिसलं एवढंच, की आबा हातानं काहीतरी दाखवत होते आणि सर चष्मा वर करून बघत होते. परतीच्या एसटीत दिपमालानं विचारलं तर आबा म्हणाले, खुराबद्दल इचारत व्हता. मग थोड्या वेळानं, न विचारताच त्यांनी तिच्या भाषणाबद्दलही सांगितलं.

"शेवटले जरा घाई करी तू. पन बठ्ठा ऐकत व्हतात."

तिनं आठवून बघितलं. शेवटी घाई झाली होती हे खरं होतं. सगळे ऐकत होते हेही खरं होतं.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर एकच नाव होतं. प्रस्तावनेत भंगाळे सरांवर दोन परिच्छेद होते. काय त्यांच्याकडून मिळालं आणि कुठला प्रश्न त्यांचा, ते नेमकं लिहिलेलं. चार महिन्यांनी एका वैचारिक नियतकालिकात सरांचं परीक्षण आलं. अकरा पानी. मोलजाण या कल्पनेवर त्यांनी तीन बाजूंनी हल्ला चढवला होता, आणि त्यांतला एक हल्ला असा होता की दिपमालाला पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण नव्यानं लिहावं लागणार होतं. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं, की प्रस्तुत परीक्षकाला ही मांडणी पटत नाही. मात्र ग्रीक नीतिविचारावर मराठीत इतकं स्वतंत्र आणि इतकं जबाबदार पुस्तक त्याच्या वाचनात नाही.

तो अंक स्टाफरूममध्ये हातोहात फिरला. इतिहासाच्या एका सहकाऱ्यानं तो परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला आणि सगळे दिपमालाकडं बघायला लागले. आता ती लाजेल, सरांचा मोठेपणा म्हणेल, अशी सगळ्यांची अपेक्षा दिसली. त्या सहकाऱ्यानं तसं वाक्य तिच्यासाठी अर्धं म्हणूनही टाकलं.

दिपमालानं अंक हातात घेतला, तो परिच्छेद आपल्या डोळ्यांनी एकदा वाचला.

"हो," ती म्हणाली. "पुस्तक चांगलं झालंय. पाचव्या प्रकरणाबद्दल मात्र सर बरोबर आहेत. ते कच्चं आहे."

तेवढ्यात तासाची घंटा झाली. तिनं हजेरीपट घेतला, अंक पर्समध्ये ठेवला आणि जिना उतरून वर्गाकडं गेली. त्या वर्षी तत्त्वज्ञानाला एकोणीस जण होते, आणि त्यांतल्या तिघांनी विषय स्वतःहून मागून घेतला होता.